बदकाला मंजुरी नाही

माझ्या बायकोच्या मंजुरीशिवाय आमच्या कंपनीतल्या एकाही कॉम्प्युटरची सुरक्षा बदलता येत नाही. हे मी आजवर ऑफिसात कुणाला बोललो नव्हतो. आता सगळ्यांना कळलंच आहे, तेव्हा निदान ते माझ्या तोंडून नीट कळावं, एवढीच इच्छा उरली आहे.

आमची कंपनी पंखे बनवते. पंख्यांशी माझा संबंध एवढाच, की माझ्या टेबलावरचा चालत नाही. माझं काम कॉम्प्युटरांच्या राखणदारीचं. अँटीव्हायरसने कुठे काय अडवायचं, कुणाला काय उघडू द्यायचं, हे मी ठरवतो. पूर्वी हे काम मी हिंडून करत असे. हिशेबनिसाच्या खुर्चीत बसायचं, स्क्रीनवर दोन खुणा करायच्या, चहा प्यायचा आणि पुढच्या खुर्चीकडे जायचं. माझी पाठ वळली की हिशेबनीस त्या खुणा पुसून टाकायचा. त्यालाही बरं वाटायचं आणि मलाही. सुखाचे दिवस होते ते.

मग आमचे साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि माणसांनी हाताने काही करायचं नाही, असं ठरलं. सगळे नियम एका फाईलमध्ये लिहायचे. नियम बदलायचा तर फाईलमध्ये बदल करून विनंती टाकायची. यंत्रणा आधी तिच्या तपासण्या घेणार, मग दोघांनी ती मंजूर करायची. त्यातून पार पडलेला बदल आधी चाचणीच्या मशीनवर जाणार, आणि तिथे एक दिवस कुणाची तक्रार आली नाही, की शेवटची एक मंजुरी घेऊन सगळ्या कंपनीत. शिवाय एखाद्याने मशीनवर हाताने काही बदललंच, तर यंत्रणा थोड्या वेळाने येऊन ते पुन्हा फाईलमधल्यासारखं करून ठेवणार. ही शेवटची सोय मी खास हिशेबनिसासाठी करून घेतली होती. ती सुरू झाली त्या दिवशी मी त्याच्या टेबलाशी मुद्दाम उभा राहिलो. तो खूण पुसत होता, खूण परत येत होती. तो पुसत होता, ती येत होती. त्याचं तोंड बघून मला फार आनंद झाला. इतका आनंद माणसाने करू नये.

चाचणीसाठी वेगळं मशीन द्या, असं मी खरेदी विभागाला म्हटलं. त्यांनी विचारलं, त्यावर काम काय होणार? मी म्हटलं, काम नाही, नवीन नियमांनी काही बिघडतं का ते बघायचं. "बिघडवण्यासाठी नवीन मशीन देता येत नाही," असं उत्तर आलं. मग मी आमच्या घरचा कॉम्प्युटर चाचणीला लावला. तसा तो बायकोचा. ती त्यावर भरतकामाची नक्षी काढते. पण विकत आणताना खोका मी उचलला होता, त्यामुळे तो घरचा आहे, अशी माझी समजूत होती.

आता मंजुरी देणारे दोघे. एक साहेब. दुसरा, चाचणीचं मशीन रोज वापरणारा माणूस. हा नियमही माझाच. "जो वापरतो त्याचा आवाज ऐकला गेला पाहिजे," असं मी एका बैठकीत बोलून गेलो होतो, त्यावर टाळ्या पडल्या होत्या, आणि साहेबांनी ते वाक्य लगेच फाईलमध्ये घालायला लावलं होतं. म्हणून यंत्रणेत हिचा मोबाईल नोंदवणं भाग पडलं. माझी विनंती गेली की हिच्या मोबाईलवर एक हिरवं आणि एक लाल बटण येई. मी हॉलमधून ओरडत असे, "अगं, मोबाईलवर हिरवं बटण आलंय, दाब!" ती भांडी घासत असो की सुईत दोरा ओवत असो, अंगठ्याने, कोपराने, एकदा तर चमच्याच्या दांड्याने तिने ते दाबलेलं आहे. आणि तिकडे कंपनीच्या सगळ्या शाखांमधले कॉम्प्युटर मुकाट्याने आपलं वागणं बदलत असत.

असं छान चाललं होतं. मग कारखान्यात कुणीतरी गाण्यांचा पेनड्राईव्ह आणला, त्यातून व्हायरस आला आणि वरिष्ठ खवळले. सोमवारी सकाळपर्यंत कंपनीत पेनड्राईव्ह ही वस्तूच चालता कामा नये, असं साहेबांनी मला सांगितलं. हे वेळेत झालं तर विभागप्रमुखाची रिकामी खुर्ची माझी, असंही सूचित केलं. मी शनिवारी विनंती टाकली. साहेबांनी मंजूर केली. मी हॉलमधून ओरडलो. ही कोटांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री न ठेवता दुसऱ्या हाताने हिरवं बटण दाबलं.

हे कोट म्हणजे हिचं पहिलं मोठं काम. आजवर तिने भावजयीचे रुमाल आणि मावशीच्या उशांचे अभ्रे भरले होते; सगळे "किती गोड!" म्हणायचे आणि विषय तिथेच संपायचा. भरतकामाचं मशीन घेतलं तेव्हा माझ्याच नातेवाइकांनी, "चार दिवसांची हौस," म्हणून नाकं मुरडली होती. आणि आता एका डॉक्टरीणबाईंनी लहान मुलांच्या नव्या दवाखान्यासाठी परिचारिकांचे कोट हिच्याकडे दिले होते. प्रत्येक कोटाच्या खिशावर एक पिवळं बदक. सोमवारी सकाळी दवाखाना उघडायचा होता. हे काम चोख झालं तर पडदे, चादरी, सगळं हिलाच मिळणार होतं. आठवडाभर ती झोपेतही धाग्यांचे नंबर बोलत होती.

रविवारी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. नमुन्याचं बदक छान आहे, पण रागावल्यासारखं दिसतंय, आमची मुलं आधीच रडत येतात. हिने तासाभरात बदकाची भुवई उचलली, चोच जरा हसरी केली, नवी नक्षी मेलने डॉक्टरीणबाईंना पाठवली, ती भरतकामाच्या मशीनपर्यंत नेणारा पेनड्राईव्ह कॉम्प्युटरला लावला, आणि स्क्रीनवर लाल चौकट आली. हे उपकरण वापरण्यास मनाई आहे.

"अहो," आतून हाक आली, "हे काय म्हणतंय बघा."

मी हसत आत गेलो. त्या हसण्याची आठवण झाली की आजही कानशिलं तापतात. "एक मिनिटाचं काम आहे," मी म्हणालो आणि पेनड्राईव्हवरची बंदी हाताने काढली. तिने नक्षी पेनड्राईव्हमध्ये टाकायला घेतली. ती अर्धी गेली आणि यंत्रणेने येऊन बंदी परत घातली. मी पुन्हा काढली. पुन्हा आली. मी काढत होतो, ती येत होती. मला हिशेबनिसाचं तोंड आठवलं आणि खोलीत एकदम उकडायला लागलं.

"आता पेनड्राईव्हमध्ये काहीतरी दिसतंय," मी म्हटलं. "लाव मशीनला."

तिने लावलं. मशीनने तत्परतेने भरायला सुरुवात केली. हसरी चोच झाली, प्रेमळ डोळा झाला, मान झाली आणि मशीन थांबलं. पुढचं बदक कॉम्प्युटरातच राहिलं होतं. खिशावर नुसती एक मान आनंदाने हसत होती.

"बाकीचं कधी येईल?" हिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर आले. हे निवृत्त मुख्याध्यापक. सकाळी त्यांना कुणाला तरी काहीतरी समजावून सांगितल्याशिवाय चहा पचत नाही. त्यांनी कोट पाहिला, मान पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"बाबा रे, बंद करून चालू केलंस का?"

"काका, त्याने काही होणार नाही."

"मग तो अँटीव्हायरस काढूनच टाक ना. माझ्याकडे नाहीच तो. काही अडत नाही माझं. पोरी, तू वर ये, माझ्या कॉम्प्युटरवर कर."

इथे माझा स्वाभिमान आडवा आला. हेडमास्तरांचा कॉम्प्युटर मी एकदाच पाहिला आहे. पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनलाच चिकटवलेला, आणि चालू केल्याबरोबर, "अभिनंदन! आपणांस मोटारगाडी लागली आहे," अशी पाटी नाचत येते. त्यांना मी जिन्यात उभं करून सुरक्षिततेवर भलं मोठं व्याख्यान दिलं होतं. त्या कॉम्प्युटरवर माझ्या घरचं बदक? "मुळीच नाही," मी म्हटलं. "जे काय व्हायचं ते रीतसर होईल."

हेडमास्तर खुर्ची ओढून बसले. रीतसर म्हटल्यावर त्यांनाही बघायचं होतं.

मी रीतसर विनंती लिहिली: घरच्या मशीनला पेनड्राईव्हच्या बंदीतून सूट. यंत्रणेने ती तपासायला घेतली आणि तपासणीतच नापास केली. कुठल्याही एका मशीनला सूट नसावी, अशी तपासणी आमच्या विभागातल्या शंकासुराने लिहून ठेवली होती. शंकासूर म्हणजे माझा सहकारी. चांगला माणूस आहे, पण त्याला लग्नपत्रिका दिली तरी, "पण नक्की होणार आहे ना?" असं विचारतो. मी त्याला फोन लावला.

"सूट कशासाठी?" त्याने विचारलं.

"बदकासाठी."

"बदक हे कुठल्या प्रकल्पाचं नाव?"

"प्रकल्प नाही रे. बदक. पाण्यात पोहतं ते."

त्याने तो शब्द स्वतः एकदा उच्चारून पाहिला. मग म्हणाला, "हे मी नोंदीत कसं लिहू? आणि आज एका बदकाला सूट दिली, तर उद्या दुसऱ्याला नाही कशी म्हणायची?" मी विनवण्या केल्या, त्याच्या बदलीच्या वेळी मी त्याची बाजू घेतली होती, ते सांगितलं. शेवटी त्याने ती तपासणी एका दिवसापुरती बाजूला ठेवली, पण आपला लेखी निषेध जोडून.

हिने हिरवं बटण लगेच दाबलं. राहिली साहेबांची मंजुरी. साहेब मेव्हण्याच्या नव्या घरी सामान चढवायला गेले होते. फोन त्यांनी कानातल्या इअरफोनवर घेतला. आधी धापा ऐकू आल्या.

"कपाट जिन्यात अडकलंय," ते म्हणाले. "बोल."

"साहेब, फक्त एक हिरवं बटण दाबायचं आहे."

"माझे दोन्ही हात कपाटाखाली आहेत!"

"घरचा प्रश्न आहे, साहेब. बायकोचा."

हे ऐकल्यावर साहेब मवाळ झाले. त्यांचंही लग्न झालेलं आहे. "थांब, मेव्हण्याला सांगतो. अरे, माझ्या खिशातला फोन काढ. त्यावर काहीतरी आलंय बघ, ते दाब. कुठलं काय विचारतोस? सुटतंय माझ्या हातातून! दाब लवकर!"

मेव्हण्याने लाल दाबलं.

नामंजूर झालेली विनंती त्याच दिवशी पुन्हा टाकता येत नाही. विक्री विभागवाले नामंजूर झालेली विनंती चहाआधी एकदा आणि चहानंतर एकदा टाकत, म्हणून हा नियम घातला होता. कुणी घातला, हे सांगत बसत नाही. आणीबाणीसाठी वेगळा रस्ता होता, पण रोजच कुणाची ना कुणाची आणीबाणी निघायला लागली, म्हणून गेल्या महिन्यात तो बंद करण्यात आला. तोही कुणी केला, ते विचारू नका. मी खुर्चीत मागे टेकलो. माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या कॉम्प्युटरपुढे, मी माझ्याच दाराबाहेर उभा होतो. बाहेर लोक भाजी घेऊन चालले होते, मुलं सायकली फिरवत होती. त्यांच्यापैकी कुणाच्याही आयुष्यात मी एकही नियम लिहिलेला नव्हता. किती सुखी दिसत होते सगळे!

"संपलं?" हिने विचारलं.

"आजच्यापुरतं."

"उद्या सकाळी दवाखाना उघडतोय."

"मला माहीत आहे."

"मग हे बंद कुणी केलं?"

खोटं बोलायला जागा नव्हती. हेडमास्तर बसले होते. "मी लिहिलं," मी म्हटलं. "आणि... म्हणजे, मंजूर तू केलंस. काल. इस्त्री करताना."

"म्हणजे माझ्या कामाला कुलूप मी लावलं? आणि मला माहीतही नाही?"

"अगं, मी विचारलं होतं ना..."

"तुम्ही 'दाब' म्हणालात. ते विचारणं नव्हे."

तिने पेनड्राईव्ह उचलला आणि हेडमास्तरांना म्हणाली, "काका, चला." डॉक्टरीणबाईंना पाठवलेलं बदक तिच्या मेलमध्ये होतंच. मी जिन्यापर्यंत मागे धावलो. "अगं, त्या कॉम्प्युटरवर ईमेल उघडू नकोस! त्यातून काय काय येईल पेनड्राईव्हमध्ये!"

"बदक येईल," ती वरच्या पायरीवरून म्हणाली.

आणि आलं. अख्खं आलं, शेपटीसकट. हेडमास्तरांनी स्वतः खाली येऊन मला ती बातमी दिली आणि जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं. नापास मुलाला थोपटतात तसंच ते होतं. दुपारभर आतल्या खोलीत मशीन चालत राहिलं. मी धागे कापून दिले, कोटांच्या घड्या घातल्या, चहा केला. मला मनापासून वाईट वाटत होतं, पण ते सांगायचं कसं, याची पद्धत ठरलेली नव्हती.

संध्याकाळी शेवटचा कोट झाला. ती पाठ सरळ करून उठली, आणि तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. पेनड्राईव्हच्या बंदीचा चाचणीतला दिवस पूर्ण झाला होता. आता ती सगळ्या कंपनीत लागू करण्यासाठी शेवटची मंजुरी हवी होती. माझी विभागप्रमुखाची खुर्ची त्या हिरव्या बटणामागे उभी होती.

ही सवयीने अंगठा नेणार, असं मला वाटलं. तिने चष्मा लावला.

"चाचणीच्या मशीनवर कोणतीही तक्रार नाही," तिने मोठ्याने वाचलं. "हे कोण म्हणतं?"

"कुणी नाही. आपोआप येतं ते. तक्रार नोंदली गेली नाही की..."

"तक्रार कुठे नोंदवायची असते?"

"लाल बटण दाबलं की खाली एक चौकट येते," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. "पण ती कुणी वापरत नाही."

ती खुर्चीवर बसली आणि लाल बटण दाबून लिहायला लागली. मला हवं तर मी तिला थांबवू शकलो असतो. निदान खुर्चीचं तरी सांगू शकलो असतो. पण अर्ध्या बदकाचा कोट समोर टांगलेला होता आणि ती मान माझ्याकडे बघून हसत होती. मी उठून दिवा लावला.

तिने जे लिहिलं ते साहेबांना, शंकासुराला, वरिष्ठांना आणि सगळ्या शाखांना आपोआप गेलं, कारण नामंजुरीचं कारण सर्वांना कळावं, असा नियम आहे. "काल हे बटण मी न वाचता दाबलं. आज दिवसभर मला माझ्याच कॉम्प्युटरवर माझं काम करता आलं नाही. तक्रार नाही असं वर लिहिलं आहे, पण तक्रार कुठे करायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांचं काम यावाचून अडतं त्यांना आधी विचारा, मग बंद करा. चाचणीचं मशीन वापरणारी."

सोमवारी सकाळी ती कोट घेऊन दवाखान्यात गेली आणि मी खाली मान घालून ऑफिसात. हिशेबनिसाने स्वतःहून माझ्यासाठी चहा आणला. त्यानेच मला पहिली बातमी सांगितली. पंख्यांच्या मोटारींना तार गुंडाळणारी कारखान्यातली सगळी मशीनं आपलं काम पेनड्राईव्हवरून घेतात. बंदी लागू झाली असती तर सकाळच्या पाळीला कारखाना ठप्प झाला असता. हे मला माहीत नव्हतं. मी कधी कारखान्यात जाऊन कुणाला विचारलं नव्हतं.

साहेबांनी बोलावलं. त्यांच्या एका बोटाला पट्टी होती. कपाट शेवटी सुटलं होतं. "तुझ्या चाचणीच्या मशीनवर फार हुशार माणूस आहे," ते म्हणाले. "वरून विचारणा झाली आहे. कोण आहेत ते?" मी सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. खुर्चीचा विषय त्यानंतर निघाला नाही, आणि तो पुढेही निघेल असं मला वाटत नाही. दर महिन्याच्या बैठकीला हिला मात्र बोलावणं आहे.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यांचं काम दिलं. मान हसणारा कोट आमच्याकडेच राहिला. भांडी घासताना मी तो घालतो.

त्या आठवड्यातच साहेबांनी स्वतः एक विनंती टाकली. यापुढे कुठल्याही नियमाची चाचणी, तो लिहिणाऱ्या माणसाच्याच लॅपटॉपवर व्हावी. पहिला मान अर्थातच पेनड्राईव्हच्या बंदीला. मी हॉलमध्ये बसलो होतो. मी ओरडलो नाही. ही आतून मोबाईल घेऊन आली, माझ्या शेजारी बसली, चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं. मग हिरव्या बटणावर अंगठा धरून तिने माझ्याकडे पाहिलं.

"याने तुमचं काम अडेल," ती म्हणाली. "दाबू का?"

इतक्या महिन्यांत त्या बटणाबद्दल आमच्या घरात कुणी कुणाला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी लॅपटॉपकडे एकदा बघून घेतलं आणि म्हटलं, "दाब."

माझ्या लॅपटॉपवर आता पेनड्राईव्ह चालत नाही, म्हणून हे सगळं मी हेडमास्तरांकडे बसून लिहिलं आहे. पासवर्ड समोरच चिकटवलेला आहे, आणि एवढ्यात मला एक मोटारगाडीही लागली.